दुसरा सेफ्टी कच्चा आहे

कोलंबस, ओहायो
३ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,


इकडचे गौरी-गणपती नीट पार पडले. मूर्ती शाडूची होती. काल संध्याकाळी मागच्या अंगणात टबात विसर्जन केलं, पाणी झाडांना घातलं. आई, तुमच्या पिठाचे मोदक न फुटता झाले. गौरीच्या वड्यांचं विचारू नका.

बाबा, शनिवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "घरात गणपती बसलेला असताना हा बोंबलतोय कशाला?" तुमच्या चिरंजीवांनी उत्तर द्यायला सुरुवात केली, तेवढ्यात आईंनी फोन ठेवला. बरंच केलं, कारण त्यांचं उत्तर अजून चालू आहे. म्हणून खुलासा मीच लिहून पाठवते. लिहिलेलं असलं की गावदेवीच्या ओट्यावर तुम्हाला सगळ्यांना वाचून दाखवता येईल आणि मध्येच कोणी "आवाज येतोय का?" विचारणार नाही.

इथला फुटबॉल म्हणजे कूपरेजवरचा फुटबॉल नव्हे. अकरा इकडे, अकरा तिकडे. चेंडू ज्यांच्याकडे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर नवे चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. असं रेटत रेटत शेवटची रेघ ओलांडली की सहा गुण, वर लाथेनं उडवून सातवा. पुढच्या रांगेत धिप्पाड मंडळी एकमेकांना ढकलत असतात, त्यांच्यामागे लाइनबॅकर, दोन्ही कडांना कॉर्नरबॅक. आणि सगळ्यांच्या मागे, दहा-पंधरा यार्डांवर, दोन गडी मोकळे उभे असतात. ते सेफ्टी. त्यांच्या पाठीशी कोणी नाही.

तुम्हाला एका ओळीत सांगायचं तर कॉर्नरबॅक हे आपले कबड्डीतले कोपरे आणि सेफ्टी म्हणजे कव्हर. तुम्ही स्वतः उजव्या कव्हरला खेळलात, त्यामुळे पुढचं तुम्हाला जास्त कळेल. कोपऱ्यानं घोटा धरला, पण कव्हर वेळेवर पडला नाही, तर रेडर मधली रेघ गाठतो आणि गावभर नाव निघतं ते कव्हरचं. इथेही तेच. फरक एवढाच, की तिथे गुण जातो एक-दोन आणि इथे एका फटक्यात सात.

तुम्ही पोरांना शिकवता ना, रेडरच्या हाताकडे बघू नका, कमरेकडे बघा, कंबर खोटं बोलत नाही? पळणाऱ्याला धरताना इथले कोचही हेच सांगतात. पण चेंडू फेकणारा जो क्वार्टरबॅक, त्याच्या मनातलं सेफ्टीला बरंचसं डोळ्यांवरून ओळखावं लागतं. आणि हे क्वार्टरबॅकलाही ठाऊक असतं. तो मुद्दाम डावीकडे टक लावून बघतो, सेफ्टी दोन पावलं डावीकडे सरकतो, आणि चेंडू सुटतो उजवीकडे. ती दोन पावलं मग काही केल्या भरून निघत नाहीत.

गंमत म्हणजे यातलं काही टीव्हीवर दिसतच नाही. कॅमेरा चेंडूबरोबर असतो. सेफ्टी चौकटीच्या बाहेर कुठेतरी उभा. तो पडद्यावर येतो तो पाठमोरा, कोणाच्या तरी मागे धावताना, म्हणजे घोटाळा होऊन गेल्यावर. घोटाळा कॉर्नरबॅकचा असेल, कोचचा असेल, पण पाठीवरचा नंबर दिसला सेफ्टीचा. नव्वद टक्के काम न पाहता माणसाचा निकाल लावायची सोय या खेळानं करून ठेवली आहे, आणि आमच्या घरात तिचा पुरेपूर वापर होतो.

कॉलेजचा संघ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पनवेलच्या कॉलेजातली पोरं येतील. इथे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं स्टेडियम आहे, १९२२ साली उघडलेलं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, १ लाखाहून जास्त माणसं बसणारं. आपलं नेरुळचं डी. वाय. पाटील खच्चून भरलं तरी त्याच्या जवळजवळ दुप्पट. सामन्याच्या शनिवारी गावात दूध आणायलाही लाल शर्ट घालून जातात. एकानं रस्त्यात "ओ-एच" म्हणून हाळी दिली की अनोळखी माणूस पलीकडच्या फुटपाथवरून "आय-ओ" ओरडतो. तुमच्या नातवानं हे इतकं मनावर घेतलंय, की "गणपती बाप्पा" ऐकल्यावर यंदा त्याच्या तोंडून "मोरया" निघेल की "आय-ओ", याची मला धास्ती होती. दोन्ही निघालं.

आता वादाचा मुद्दा. देशातला सर्वांत चांगला सेफ्टी म्हणून ज्याचं नाव घेतात तो केलेब डाउन्स आमच्या संघात आहे. आधी तो अलाबामाला होता. तिथले थोर कोच निक सेबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले आणि हा इकडे आला. हल्ली कॉलेज बदलणं सोपं झालंय, आणि २०२१ पासून या पोरांना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसेही मिळवता येतात. तुमच्या काळी चांगल्या खेळाडूला रेल्वेत नाही तर बँकेत चिकटवत. इथे शिकता शिकताच चिकटतात. डाउन्सनं गेल्या नोव्हेंबरात इंडियानाविरुद्ध समोरच्यांनी लाथाडलेला चेंडू झेलला आणि ७९ यार्ड पळत नेऊन थेट रेघेपार ठेवला. त्या दिवशी वरच्या मजल्यावरून मला वाटलं सिलिंडर फुटला. मग आठवलं, इथे सिलिंडर नाही.

एवढा रत्नासारखा गडी मिळाल्यावर माणसं सुखानं झोपतील असं तुम्हाला वाटेल. तर नाही. डाउन्स चांगला आहे म्हटल्यावर काळजी सुरू झाली ती त्याच्या शेजारच्याची. गेल्या वर्षीचा जोडीदार लेथन रॅन्सम व्यावसायिक संघात गेला. त्याच्या जागी आलाय जेलन मॅक्लेन, दुसऱ्या वर्षाचा पोरगा. झालं. एप्रिलपासून आमच्याकडे जेवताना एकच वाक्य: "दुसरा सेफ्टी कच्चा आहे." मुलांच्या परीक्षा झाल्या, गाडीचा हप्ता चुकला, माझी बढती झाली, दुसरा सेफ्टी कच्चाच.

आणि हाच रॅन्सम, ज्याच्या आठवणीनं आता उसासे टाकतात, त्याला यांनी काय काय ऐकवलंय ते मी ऐकलंय. ३१ डिसेंबर २०२२ ला अटलांटात जॉर्जियाशी उपांत्य सामना होता. शेवटच्या टप्प्यात आपण पुढे होतो. रॅन्समचा पाय घसरला, समोरचा ७६ यार्डांचा पल्ला मारून गेला, आणि शेवटी ४२-४१ अशी एका गुणानं हार. शेवटची लाथ हुकली तेव्हा घड्याळात बरोबर बारा वाजत होते. बाहेर लोक फटाके उडवत होते आणि आमच्याकडे नववर्षाच्या शुभेच्छा द्यायची कोणाची छाती नव्हती. त्याच्या महिनाभर आधी मिशिगननं घरच्या मैदानावर ४५-२३ असं धुतलं होतं, त्यात ६९ आणि ७५ यार्डांचे दोन लांब पास. तेव्हाही तोंडसुख सेफ्टींवरच. पुढे त्याच अटलांटात, त्याच मैदानावर, या २० जानेवारीला रॅन्सम आणि डाउन्स जोडीनं खेळले, नोत्र दामला ३४-२३ नं हरवून राष्ट्रीय विजेते झाले. दुसऱ्या दिवसापासून रॅन्सम "आपला लेथन" झाला. माझं मत विचाराल तर ओल्या मैदानावर, मागे कोणी नसताना, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या पोरांमागे उलट पावली धावून दाखवावं यांनी एकदा. आमच्याकडे बर्फ काढतानाच यांची कंबर धरते.

बरं, शनिवारचं सांगते. ३० ऑगस्टला हंगामाचा पहिलाच सामना, तोही टेक्सासशी, आणि टेक्सास देशात पहिल्या क्रमांकावर. सुरुवात इथल्या दुपारी बाराला, म्हणजे तुमच्या रात्री साडेनऊला. दर्शनाला मंडळींना मी त्याच दुपारी बोलावलेलं. चिरंजीवांना वेळ केव्हाची ठाऊक होती. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितली नाही म्हणे. बाप्पा हॉलमध्ये, टीव्ही बेसमेंटमध्ये. येणारा प्रत्येक पुरुष नमस्कार करायचा, प्रसाद घ्यायचा आणि "जरा पाणी पिऊन येतो" म्हणून खाली गडप व्हायचा. हॉलमध्ये बायका आणि बाप्पा. आरती मध्यंतरात ठरली. कॉलेजच्या सामन्याचं मध्यंतर वीस मिनिटांचं असतं. त्यात पाच आरत्या आणि मंत्रपुष्पांजली बसवली. टाळ इतक्या जलद गतीनं वाजलेले मी आपल्या बेलपाड्याला कधी ऐकले नाहीत.

बेसमेंटमध्ये तीन पक्ष होते. नागपूरच्या एकांचं म्हणणं, डाउन्स असल्यावर शेजारी खुर्ची ठेवली तरी चालेल. पुण्याचे एक गृहस्थ, ज्यांनी जन्मात सायकलपलीकडे काही पळवलेलं नाही, ते कागदावर गोल काढून मॅक्लेन तीन पावलं पुढे का उभा आहे हे सिद्ध करत होते. आणि तिसऱ्या पक्षाचा रोख नवीन कोचवर. बचावाचे जुने कोच जिम नोल्स पेन स्टेटला गेले, त्यांच्या जागी मॅट पॅट्रिशिया आलेत. हे मूळचे एरोनॉटिकल इंजिनिअर. तेवढ्यावर आमचे चिरंजीव त्यांच्या बाजूचे: "शेवटी इंजिनिअर आहे, काहीतरी विचार केला असेल."

शेजारचे अमेरिकन आजोबाही मोदक खायला आले होते. ऐंशीच्या घरातले आहेत. त्यांनी १९६८ चा विजेता संघ मैदानात बसून पाहिलाय, आणि त्यातला जॅक टेटम पाहिल्यावर त्यांना नंतरचा एकही सेफ्टी पटलेला नाही. टेटम धडकला की माणूस उठत नसे, असं ते कौतुकानं सांगतात. पुढे व्यावसायिक खेळात १९७८ साली टेटमच्या अशाच एका धडकेनं डॅरिल स्टिंगली जन्माचा अपंग झाला, हे मात्र खालच्या आवाजात. आता समोरच्याच्या डोक्यावर नेम धरून धडकलं तर खेळाडूला बाहेर काढतात, कॉलेजात २०१३ पासून. आजोबांना ते मिळमिळीत वाटतं. मला नाही वाटत. मी त्यांना आणखी एक मोदक वाढला आणि विषय बदलला.

सामना काय झाला? १४-७, आपण जिंकलो. टेक्सासचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग, मोठ्या घराण्यातला: आजोबा क्वार्टरबॅक, पेटन आणि इलाय हे दोन्ही काका क्वार्टरबॅक. पण त्याची डाळ शिजली नाही. एकदा तर रेघ यार्डावर आली असताना चौथ्या प्रयत्नात त्याला तिथेच दाबून धरला. तुमच्या भाषेत अव्वल पकड. अख्ख्या दुपारी टेक्सासला रेघ ओलांडता आली ती एकदा, शेवटची काही मिनिटं उरली असताना, एका ३२ यार्डांच्या पासवर. सामना संपल्यावर मंडळी तासभर बसली. जिंकल्याबद्दल अवाक्षर नाही. चर्चा त्या एका पासची! तेव्हा दुसरा सेफ्टी कुठे होता? टीव्हीवर चार वेळा मागे नेऊन पाहिलं, चौकटीत तो नाहीच. नाही म्हणजे चुकलाच असणार, असं ठरलं. बाबा, तुम्ही ऐकलेला आरडाओरडा तो हा.

मी हे सगळं हसून लिहितेय, पण ओटा तुमचाही काही वेगळा नाही. प्रो कबड्डी आदल्याच दिवशी विशाखापट्टणमला सुरू झाली, आणि शनिवारी फोनवर मागून कोणीतरी "कव्हर झोपलाय, कव्हर!" ओरडत होतं ते मी ऐकलं. फजल अत्राचलीच्या कोपऱ्याचं कौतुक सगळे करतात. त्याच्या शेजारी कव्हरला कोण होतं हे ओट्यावर विचारून बघा. तुम्हाला सांगता येईल. बाकीच्यांना तो फक्त चुकला तेव्हाचा आठवेल.

तर बाबा, चिरंजीवांनी तुम्हाला पंच नेमलंय. तो ३२ यार्डांचा तुकडा ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतील. दुसरा सेफ्टी कच्चा आहे की नाही, तुम्ही सांगाल ते ते मानतील म्हणतात. मानणार नाहीत, पण येत्या शनिवारपर्यंत जेवताना मला दुसरं काही बोलता येईल. त्या दिवशी तुमच्याकडे अनंत चतुर्दशी आणि इथे ग्रॅम्बलिंगशी सामना. तो सोपा आहे म्हणतात.

आता तिकिटाचं. नोव्हेंबरच्या शेवटी यायचं म्हणताय तर जरूर या, थंडीचे कपडे इथे आहेत, बॅगेत मसाला आणि सुके बोंबील भरा. फक्त २९ तारखेच्या शनिवारी विमान उतरेल असं तिकीट काढू नका. त्या दिवशी मिशिगनशी सामना आहे आणि त्यांच्याकडून सलग चार वेळा हरलोय. गेल्या वर्षी तर देशाचे विजेते होऊनही त्या १३-१० चं सुतक घरात फेब्रुवारीपर्यंत होतं. विमानतळावर घ्यायला मी एकटीच येईन, आणि तुमच्या दोन बॅगा माझ्याच्यानं उचलत नाहीत.

मुलांचा नमस्कार.

तुमची,
मोठी सून