कलावंताची शिडी

पणजी माणसाला एक तर कवी करते, नाही तर चित्रकार. कवी व्हायचा प्रयत्न मी कॉलेजातच उरकून घेतला होता, तेव्हा माझ्या वाट्याला चित्रकारच उरला. उभी हयात विम्याच्या कचेरीत दावे तपासण्यात गेली. रेषेशी संबंध इतकाच, की संशयास्पद बिलाखाली लाल रेघ ओढायची. पण पणजीतल्या फोन्तेन्हास भागातल्या गल्लीत शिरलो आणि डोकं फिरलं. निळं घर, त्याला खेटून पिवळं, पलीकडे गेरूच्या रंगाचं. खिडक्यांभोवती पांढऱ्या पट्ट्या, दाराशेजारी निळ्या-पांढऱ्या अझुलेजोच्या फरशीवर घराचा नंबर. कुठून तरी पावाच्या सायकलचा भोंगा.

"अशा गावात जन्मलो असतो तर..." मी बायकोला म्हटलं.

"तर इथल्या कचेरीत दावे तपासले असते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जाऊन उभा राहिलो. तिथल्या भिंतींवर जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराच्या १९३५च्या फरशा आहेत. कामोइशच्या महाकाव्यातले प्रसंग नुसत्या निळ्या रंगात. एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून मी बराच वेळ प्रमाण मोजत होतो. काय मोजायचं असतं ते ठाऊक नव्हतं, पण जाणारे-येणारे आदरानं वळसा घालून जात होते. मग कुठेसं वाचलेलं आठवलं : व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रं काढायचा, शेवटी आईनं त्याला कोरी वही आणून दिली. झालं. मी तडक दुकानात जाऊन वही, जलरंगांची पेटी आणि घडीचं स्टूल घेतलं. पैसे देताना बायको काही बोलली नाही, याचाच अर्थ ती रात्री बोलणार होती.

जलरंगाचं पणजीच्या हवेशी जमत नाही, हे पेटीवर छापायला हवं. पाऊस नुकताच सरला होता, पण हवेतला ओलावा जागचा हलला नव्हता. आभाळ रंगवलं, ते वाळेना. वाळेना म्हणून छप्पर रंगवायला घेतलं, तर आभाळ छपरात उतरलं. लाल कौलं जांभळी झाली. मी त्याला शैली म्हणालो.

मी स्टूल मांडलं होतं त्या फोन्तेन्हासच्या गल्लीत काही दारांवर 'फोटो काढू नये' अशा पाट्या आहेत. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात आणि परक्याच्या पायऱ्यांवर अंग टाकतात. राहणाऱ्यांनी दार उघडायचं तरी कसं? पाटी वाचून मला फार बरं वाटलं. ती पर्यटकांसाठी होती. मी कलावंत.

एवढ्यात समोरच्या घरातून आंटी बाहेर आल्या. फुलाफुलांचा झगा, कपाळावर चढवलेला चष्मा. त्यांनी माझी वही पाहिली, ब्रश पाहिला आणि आपल्या भिंतीकडे बोट करून विचारलं, "कितले जातले?"

माझ्या चित्राला पहिलं गिऱ्हाईक! घसा दाटून आला. "पैशाचं काय एवढं, आंटी," मी नम्रपणे म्हणालो, "पाच हजार द्या."

आंटींचा चेहरा असा उजळला की आपण स्वस्तात गेलो, हे मला लगेच कळलं. त्यांनी मला आत नेलं, बेबिंकाचा जाडजूड तुकडा पुढे केला. मी तो पदर-पदर सोडवत खाल्ला. शेवटचा घास तोंडात असताना त्यांनी विचारलं, "भितर आनी भायर, दोनूय?"

गोव्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभ्याच्या भिंती ओल धरतात, शेवाळ चढतं, रंग पोपडे धरून सुटतो. पोर्तुगीज अमलात पावसाळ्यानंतर घर रंगवायची सक्तीच होती, असं सांगतात. सक्ती गेली, शेवाळ राहिलं. त्यामुळे या दिवसांत पणजीत चित्रकारापेक्षा रंगाऱ्याला भाव. हे सगळं मी आदल्याच रात्री बायकोला गाइडच्या थाटात ऐकवलं होतं.

मी खुलासा करू लागलो. आंटींचा मूळ रंगारी कबूल करून फिरकला नव्हता, नाताळ जवळ येत होता आणि माझ्या हातात तर ब्रश होता. खुलासा त्यांना पटेना. मी मदतीच्या आशेनं बायकोकडे पाहिलं.

"अहो, खिडकीची पट्टी तरी करून द्या," ती म्हणाली. "ॲडव्हान्स खाल्लाय तुम्ही."

मारिओ भिंतीवरून वहीत आला. मी वहीतून भिंतीवर चाललो होतो, तोही शिडीवरून. पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा डाव्या हातात, उजवीकडे शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी. तिच्यावर थेंब उडाला तर काय होईल, ते आंटींनी हातवारे करून समजावलं होतं. गुडघे लटपटत होते, तरी पट्टी सरळ येत होती. ही माझी पणजीतली पहिली सरळ रेघ.

तेवढ्यात खालून पर्यटकांचा घोळका आला. त्यांच्या म्होरक्यानं माझ्याकडे हात करून "लोकल आर्टिस्ट" असं जाहीर केलं आणि पाटीला न जुमानता भराभर मोबाइल वर झाले. मी हनुवटी किंचित उचलली, ब्रश उंच धरला आणि नजर दूर मांडवीच्या दिशेला लावली.

"फोटो मागीर!" आंटी खालून ओरडल्या. "सकयल उरलां!"