बिऱ्हाड पाठीवर

म्युनिकहून रात्री सुटलेली बस शनिवारी भल्या पहाटे प्रागच्या फ्लोरेंत्स स्थानकावर लागते आणि तिच्यातून स्वारी उतरते. मूळ गाव पुणे किंवा नाशिक, मुक्काम जर्मनीत, उद्योग एमएस. पाठीवर मोठी सॅक, पोटावर छोटी, आणि पासपोर्ट जागेवर आहे ना हे सारखं चाचपत राहणारा हात. प्रवास रात्रीचाच, कारण हॉस्टेलचं एका रात्रीचं भाडं वाचतं. प्रागला राहत असल्यामुळे ही जमात माझ्या चांगलीच परिचयाची आहे. कुणाच्या तरी मावशीकडून नंबर मिळवून फोन येतो, "काका, राहायला नाही हं येत. नुसतं आंघोळीला आलो तर चालेल का?"

आपण टुरिस्ट नसून ट्रॅव्हलर आहोत, हे तो आमच्याकडचे पोहे खाता खाता सांगतो. टुरिस्ट म्हणजे टूरवाल्यांच्या झेंड्यामागून फरफटणारे. हा जातो छत्रीमागून. छत्रीवाली वॉकिंग टूर फुकट असते, एवढाच काय तो फरक. फुकट म्हणजे शेवटी ज्याने त्याने खुशीने काहीतरी द्यायचं. तो शेवट नेमका कुठे येतो, याचा अभ्यास त्याने घरूनच करून आणलेला असतो. १६१८ साली किल्ल्याच्या खिडकीतून तिघांना खाली फेकलं, तिघेही वाचले आणि पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं, हे तो अगदी पुढे उभा राहून ऐकतो. वर शंकाही विचारतो. मग घोळका जुन्या चौकातल्या घड्याळापाशी येतो. घड्याळ १४१० सालचं. तास भरला की सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून ख्रिस्ताचे शिष्य एकेक करून डोकावून जातात, थैली धरलेला कंजूष ती हलवून दाखवतो. शेवटी कोंबडा आरवतो. तो आरवेपर्यंत सगळ्यांच्या माना वर. तेवढ्यात आमचा गडी पसार.

किल्ल्याकडे २२ नंबरची ट्राम जाते, पण हा पायऱ्या चढतो. वरच्या सेंट व्हिटस कॅथीड्रलचं काम १३४४ ला सुरू झालं आणि १९२९ ला पुरं झालं, हे कळल्यावर त्याला मनापासून बरं वाटतं. थीसिस रखडलेला असतो.

खाली चौकात त्रदेल्निक मिळतो: दांड्याला पीठ गुंडाळून निखाऱ्यावर भाजायचं आणि साखरेत घोळवायचं. "हा काही इथला जुना पदार्थ नाही काका, टुरिस्टांना गंडवायला काढलाय," असं बजावत तो माझ्या हातातला अर्धा संपवतो.

एका बाबतीत मात्र मी त्याला मानतो. बस सोडते पहाटे, हॉस्टेलात खाट मिळते दुपारी, आणि मधल्या वेळात कुठे बसायचं तर कॉफी घ्यावी लागते. म्हणून हा उजाडायच्या आत चार्ल्स पुलावर जाऊन बसतो. दिवसा त्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते. त्या वेळी मात्र दोन्ही बाजूंचे मिळून तीस पुतळे, खाली व्लतावा, आणि हा. राजाच्या हुकमावरून १३९३ साली नदीत फेकलेल्या नेपोमुकच्या पुतळ्याखालचा ब्राँझचा भाग लोकांनी हात लावून लावून लखलखीत केलाय. स्पर्श केला की प्रागला पुन्हा येणं होतं म्हणे. दिवसा तिथे रांग लागते. हा निवांत दोन्ही हात लावतो, दर तोच. पंचतारांकित हॉटेलात उतरलेली मंडळी तेव्हा नाश्त्याची वेळ व्हायची वाट बघत लोळत असतात, आणि पुढे जन्मभर पुलाच्या गर्दीबद्दल बोलतात.

रविवारी रात्री मी त्याला पोचवायला फ्लोरेंत्सला जातो. खिशात कोरुनांची चिल्लर उरलेली असते. जर्मनीत ती कुणी घेणार नाही. स्वच्छतागृहाच्या दारात पैसे टाकायचं यंत्र आहे, आणि स्वारी मघापासून एका पायावरून दुसऱ्या पायावर होतेय.

"अरे, जाऊन ये की."

"कशाला काका? बसमध्ये फुकट आहे."

एवढ्यात फलकावर बस चाळीस मिनिटं लेट असल्याचं झळकतं. तो चिल्लर बाहेर काढतो, मोजतो, आणि परत खिशात टाकतो.