दोन क्विंटलचा कॉम्प्युटर

केळापूर तालुक्याची तहसील केळापुरात नाही. ती शेजारी पांढरकवड्याला आहे, आणि इंग्रजांच्या अमलापासून तिथंच आहे. केळापूरच्या वाट्याला तीन मान आले : जगदंबेचं देऊळ, तालुक्याचं नाव आणि राष्ट्रीय महामार्ग 44 वरचा टोलनाका. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे निघालेला देशभरातला माल आमच्या दारावरून जातो आणि फक्त टोल भरायला थांबतो. फास्टॅग आल्यापासून तेवढाही थांबत नाही.

नाव एकीकडे आणि कारभार दुसरीकडे, हे ज्याच्या अंगवळणी पडलंय त्याला जुना कॉम्प्युटर विकणं कठीण जातं. डब्यावर काहीही छापलेलं असो, तो आधी विचारतो, ‘याचं पांढरकवडा कुठे आहे?’

आमच्या घरी हा विषय निघाला धाकटीच्या टायपिंगमुळे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी, मराठी, मिनिटाला 30 शब्द. मोबाइलवर ती याहून जोरात टाइप करते, पण ते दोन अंगठ्यांनी, आणि परिषदेला दहा बोटं लागतात. क्लासमध्ये रोज तासभर मिळतो, त्यातला बराचसा लाइन येण्याची वाट पाहण्यात जातो. तेव्हा घरी यंत्र हवं, तेही पूर्ण कीबोर्डाचं.

पैशांचा हिशेब आमच्याकडे रुपयांत होत नाही.

“कितीचा येते?” बायकोनं विचारलं.

“जुना घेतला तर पंधरा-सोळा हजार.”

लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. तिनं क्षणात भागाकार केला. “म्हंजे दोन क्विंटल. थेही हमीभाव भेटला तं. व्यापाऱ्याच्या भावानं अडीच.” नवा घ्यायचा तर पाच क्विंटल पडत होते, म्हणून तो विषय तिथंच मिटला. यंत्र घरी येण्याआधीच त्याचं नाव पडलं ‘दोन क्विंटल’.

मुहूर्त खुद्द मायक्रोसॉफ्टनं काढून दिला होता. 14 ऑक्टोबर 2025 ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, त्यांनी विंडोज 10 ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे 2017 च्या आधीची कितीतरी धडधाकट यंत्रं एका तारखेत म्हातारी ठरली. तशाही शहरातल्या कंपन्या चार-पाच वर्षांनी टेबलांवरची यंत्रं बदलतच असतात. मग डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर अशी मंडळी तिथून सुटतात, ब्लोअरनं धूळ झाडून घेतात, नवी एसएसडी बसवून घेतात आणि नागपूरला बर्डीवरच्या दुकानांत येऊन बसतात. महामार्गावरून न थांबता पुढे गेलेला माल असा काही वर्षांनी वळून आमच्याकडे येतो. आमची तक्रार नाही.

बर्डीला मी, धाकटी आणि माझे मेहुणे असे गेलो. मेहुण्यांचं पाटणबोरीला झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणून ते घराण्याचे संगणकतज्ज्ञ.

बैलबाजारात जाणता शेतकरी रंगवलेल्या शिंगांकडे बघत नाही. तो जबडा उघडून दात मोजतो : चार दाती, सहा दाती, की जुळलेला. कॉम्प्युटरचे दात प्रोसेसरच्या नंबरात असतात. आय फाइव्हच्या पुढच्या आडव्या रेघेनंतर 6500 असेल तर सहावी पिढी, 8500 असेल तर आठवी, 10400 असेल तर दहावी. आय सेव्हन 2600 हा 2011 सालचा. नावानं थोरला, पण आठव्या पिढीचा आय थ्री 8100 त्याला बहुतेक कामांत मागं टाकतो. दुकानदार ‘आय सेव्हन’ एवढंच ठणकावून बोलतात आणि पुढचे आकडे गिळतात.

आमच्या दुकानदारानंही तेच केलं. “आय सेव्हन आहे साहेब, कंपनीतलं पीस. नवीनच समजा.”

डेलच्या डब्यावर सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की यंत्र कारखान्यातून कधी निघालं आणि निघताना पोटात काय काय होतं, सगळं कळतं. धाकटीनं तो मोबाइलवर टाकला. ‘नवीनच समजा’ 2014 चं, चौथ्या पिढीचं निघालं.

दुकानदार जराही विचलित झाला नाही. “ते कागदावर साहेब. कंपनीत चोवीस तास एसीत होतं. एसीतलं वय धरत नसतात.”

हे मात्र मला पटलं. आमच्या मे महिन्यात राहणारा माणूस एसीतली वर्षं कुठल्या तोंडानं मोजणार?

“अन् विंडोज 11 टाकून देतो,” तो म्हणाला. चौथ्या पिढीवर! टाकता येतं, चालतंही. पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. इथं मेहुण्यांना स्फुरण चढलं. ई-कचरा नियम 2022, लागू 1 एप्रिल 2023, जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणाऱ्यांची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी, असं सगळं त्यांनी एका दमात म्हटलं आणि ‘आपली नोंदणी दाखवा जी’ म्हणून हात पुढे केला. दुकानदारानं चहाचा कप खाली ठेवला. “साहेब, तुम्ही गिऱ्हाईक आहात का धाड?”

त्यानंतर मात्र त्यानं आतल्या खोलीतला माल बाहेर काढला. आठव्या पिढीचा आय फाइव्ह, 8 जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी, सोबत मॉनिटर. टॅग तपासला, खरा. व्यवहार दोन क्विंटलात बसला. कीबोर्ड फुकट मिळाला, कारण त्यावरची कंट्रोल, सी आणि व्ही ही तीन बटणं पार झिजून गुळगुळीत झाली होती. आधी हे यंत्र एका इंजिनिअरकडे होतं, असं दुकानदार म्हणाला. त्याचा पगार कोणत्या तीन बटणांवर निघत होता ते दिसतच होतं.

घरी आल्यावर बायकोनं सगळ्यात आधी डब्यावरची चिठ्ठी नखानं खरवडली. ‘कंपनीची मालमत्ता, आवाराबाहेर नेण्यास मनाई.’ “कोणी पाह्यलं तं चोरीचा म्हणतीन.” मग यंत्र सुरू केलं, तर तारीख आली 1 जानेवारी 2018, आणि एकही वेबसाइट उघडेना. आतला सीआर 2032 नावाचा बटणसेल संपला की यंत्राला आजचा दिवस आठवत नाही, आणि तारीख चुकली की वेबसाइटी त्याला दारात उभं करत नाहीत. सेल घड्याळवाल्याकडे मिळाला. पण तो बसवेपर्यंत बायको पडद्याकडे मोठ्या आशेनं बघत होती. “2018 मंदी सोनं तीस-एकतीस हजार तोळा होतं. काही करता येते का पाहा.”

संध्याकाळी शेजारी जमले. लॅपटॉप काहून नाही घेतला, या प्रश्नाला मी उत्तर तयार ठेवलं होतं : एवढ्या पैशात डेस्कटॉप दोन पायऱ्या वरचा येतो, आणि बिघडला तर उघडता येतो. ते कोणी ऐकलं नाही. एका काकांनी थेट पासबुक आणि सातबारा पुढे केला. सरकारी खरेदीला, म्हणजे सीसीआयला, कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी करावी लागते, ती करून दे म्हणाले. मी सांगितलं, ते अ‍ॅप मोबाइलचं आहे, यावर चालायचं नाही.

काका बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिले. “म्हंजे दोन क्विंटल कापूस घालून थो डब्बा आणला, अन् त्याच्यावर कापूसच इकता येत नाही?”

यावर मेहुण्यांकडेही नियम नव्हता.

ते जाऊ द्या. धाकटी रोज त्यावर टकटक करते आणि यंत्र मुकाट्यानं चालतं. तुम्ही घेणार असाल तर एवढं करा. दिसायला गोंडस म्हणून अगदी छोटा डबा उचलू नका. त्यातल्या बऱ्याच डब्यांचा पॉवर सप्लाय कंपनीच्या खास मापाचा असतो, आणि तो जळला की आपल्या गावातल्या दुकानातला साधा सप्लाय त्यात बसत नाही. मागच्या बाजूला एचडीएमआय आहे का ते बघा; कित्येकांना नसतो, आणि घरचा टीव्ही जोडायचं स्वप्न तिथंच संपतं. चालवून, नंबर वाचूनच पैसे द्या. वॉरंटी किती महिन्यांची ते बिलावर लिहून घ्या, शेजारी सिरीयल नंबरही लिहायला लावा. आणि यूपीएससाठी अर्धा क्विंटल आधीच बाजूला काढून ठेवा, कारण लाइन जाणारच आहे.