पेन्शनर सुभेदार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्या आठवणींत एक माणूस हमखास भेटतो: पेन्शनर सुभेदार. पलटणीतून तो बहुधा नाईक किंवा हवालदार म्हणूनच घरी आलेला. पुढची बढती गावानं दिलेली. पहिल्या महायुद्धात तो बसऱ्याला जाऊन आलेला असे, त्यामुळे नकाशावर कुठेही तोफ वाजली तरी त्याच्या लेखी ती बसऱ्यालाच वाजे.

आपशिंगे गावातून त्या पहिल्या लढाईत गेलेले ४६ जण परतलेच नाहीत. अशा मुलखात लढाई पाहिलेली माणसं पुष्कळ होती, पण विषय निघाला की ती बैलाला पाणी दाखवायला उठत. चावडीवर उरे तो सुभेदार.

मास्तर शिळं वर्तमानपत्र वाचत आणि सुभेदार निकाल देई. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं.

“मुद्दाम पडू दिलंय. जपान्याला आत घ्यायचाय.”

मार्चमध्ये रंगून पडलं. पोरांनी विचारलं, “आता वो?”

“आता आनखी आत.”

ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला, रॉकेल मिळेनासं झालं. कंदील नाही म्हणून अभ्यास नाही, यात पोरं खूश. सरकारनं १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती. जुने राणीछाप रुपये लोकांनी केव्हाच जमिनीत पुरले होते. नवा रुपया सुभेदार दगडावर वाजवून बघे आणि ‘बद्द वाजतोय’ म्हणत कनवटीला मात्र लावी. १९४३ साली भोकाचा पैसा आला. मधलं तांबं लढाईला गेलं, असं त्यानं सांगितलं, आणि हे विधान चक्क बरंचसं खरं होतं! पोरांनी ते पैसे करदोट्यात ओवले.

खरी कसरत भूमिगतांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारच्या दिवसांत झाली. पेन्शन इंग्रज राजाची, रात्रीची भाकरी भूमिगतांना. तलाठी समोर असेपर्यंत बादशहाचा जय. तलाठ्याची पाठ वळली की सुभाषबाबू सिंगापूरहून काय बोलले, ते कुजबुजत. रेडिओ गावात नव्हताच.

मराठा पलटणी तेव्हा इटलीत लढत होत्या. १० जुलै १९४४ला नाईक यशवंत घाडगे तिथे एकटे मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे इटलीहून कुणी जवान रजेवर आला, की पोरं त्याच्याभोवती जमत. तेवढ्यात सुभेदार येई, जवानाची तंबाखू मळायला घेई आणि इटली कशी असते ते त्याला समजावून सांगे. वाळू फार, पाणी खारं, खजूर मात्र झकास. जवान ‘व्हय, सुभेदारमामा’ म्हणत सगळं ऐकून घेई.