प्रवाळराव स्थळ बघतात

ठाण्यापलीकडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत रात्री खाली उभं राहून वर बघा. सगळ्या खिडक्यांत पांढरा उजेड आणि एका हॉलमध्ये मात्र गडद निळा-जांभळा. नवीन वॉचमनला वाटतं, वर डान्स बार निघाला. तसं काही नाही. तिथे प्रवाळराव राहतात. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी बँकेत किंवा विम्यात. आधी गप्पी मासे, मग एंजल, मग डिस्कस अशी चढती भाजणी करत खाऱ्या पाण्यात उतरलेले. गोड्या पाण्यातल्या लोकांशी ते आता बालवाडीतल्या बाईंच्या आवाजात बोलतात.

टाकी चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. म्हणजे साडेचारशे लिटर पाणी आणि वजनही तेवढेच किलो. काच, दगड, स्टँड वेगळं. हा हिशेब कळल्यापासून खालच्या मजल्यावरचे गृहस्थ हॉलमध्ये बसत नाहीत. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्या भरणीलाच जवळजवळ सोळा किलो गेलं. तेही स्वयंपाकाचं नव्हे, टाकीसाठीच बनवलेलं, ज्याची खरी किंमत वहिनींना अजून कळलेली नाही. खुद्द प्रवाळरावांचं मीठ डॉक्टरांनी रक्तदाबापायी तोडलंय. पाणी २५-२६ अंशांवर राहावं म्हणून चिलर आहे. तो पाण्यातली उष्णता काढतो आणि हॉलमध्ये सोडतो. त्यामुळे मे महिन्यात टाकी महाबळेश्वरला आणि प्रवाळराव बनियनवर चंद्रपूरला.

पाळायचं ते फक्त मऊ प्रवाळ. कारण आल्यागेल्याला ऐकावंच लागतं. खडक बांधणारं कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. “वाघ ज्या पंगतीला बसतो ना, त्याच पंगतीला!” मालवणच्या आत्याच्या शोकेसमध्ये पणजोबांच्या वेळचा पांढरा प्रवाळ दिसला, तेव्हा हे चहाही न घेता उठले होते. मऊ प्रवाळांची बिलं फ्लॅटच्या ॲग्रीमेंटबरोबर एकाच फायलीत असतात. मऊ म्हणजे आत दगडी सांगाडा नाही, अंगात चुन्याचे बारीक कण तेवढे, आणि एकेका पॉलिपला पिसांसारख्या आठ भुजा. पाहुण्याच्या हाती भिंग देऊन त्या मोजायला लावतात. सातच भरल्या तर पुन्हा मोजायच्या.

एकाचे अनेक करायला प्रवाळ कापायचं असतं. कापणी रविवारी. शनिवारपासूनच प्रवाळरावांचं जेवणात लक्ष नसतं. सकाळी हातमोजे आणि चष्मा चढवून ते टाकीपुढे उभे राहतात. टाकीत बटन पॉलिपही आहेत आणि त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. हे पॉलिप चिकटलेला दगड उकळायचा तर मुळीच नाही, वाफसुद्धा बाधते. हे ऐकल्यापासून वहिनी पातेली मोजून ठेवतात.

पाळी असते लेदर नावाच्या मऊ प्रवाळाची. जाड देठ आणि वर माणसाच्या तळहाताएवढी छत्री. नव्या ब्लेडने, मधे न थांबता, छत्री देठावरून उतरवायची. मग त्या चिकाचा वास सुटतो. समोरच्या घरात रोज बोंबील तळतात, पण दार त्यांनीच आधी लावलं. छत्रीचे इंच-इंच तुकडे होतात आणि खरी कसोटी पुढे लागते, कारण बुळबुळीत अंगावर कुठलाही गोंद ठरत नाही. म्हणून तुकड्यातून टूथपिक आरपार घालायची, कोथिंबिरीच्या जुडीच्या रबराने ती दगडाच्या खड्याला बांधायची आणि वरून झिरझिरीत जाळी ताणायची. रुखवताच्या ताटांवर लावतात तीच जाळी. वहिनींच्या भाचीच्या लग्नातून ताटं घरी आली, जाळ्यांची चौकशी अजून चालू आहे.

पंधरा दिवसांत तुकडा खडा धरतो. बोडका देठ मात्र मिटून बसतो, अंगावर मेणकट पापुद्रा धरतो, तो टाकतो आणि यथावकाश नवी छत्री काढायला लागतो. तोवर पाण्यात ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी सोडलेली असते, कारण कापलेला लेदर जी रसायनं सोडतो त्यांचा आजूबाजूच्या प्रवाळांना उपद्रव होतो. शेजाऱ्यांची ही काळजी ऐकून खालचे गृहस्थ काहीच बोलले नाहीत. नुसतं छताकडे बघितलं.

एरवी हा माणूस उसनी साखर देताना वाटीच्या काठावरून बोट फिरवतो. पण प्रवाळाचे तुकडे फुकट. अट एकच, स्थळ चांगलं पाहिजे.

“टाकी केव्हा लावलीत?”

“तीन आठवडे झाले.”

“नायट्रेट किती?”

“ते बघायचं असतं?”

“पाणी कुठलं?”

“नळाचं.”

इथे बैठक संपते. चहा मिळतो, तुकडा मिळत नाही. जो पास होतो त्याला पिशवी, थर्मोकोलचा डबा आणि अर्ध्या तासाच्या सूचना मिळतात. तिसऱ्या दिवशी फोन येतो: “उघडला का?” आठव्या दिवशी प्रवाळराव ‘इकडूनच चाललो होतो’ म्हणत दारात उभे असतात, सोबत क्षारता मोजायचं यंत्र. एका महाभागाने तुकडा गप्पींच्या गोड्या पाण्यात सोडला होता. त्याच्या घरचा गणपतीचा प्रसादही प्रवाळराव घेत नाहीत.

झेनियाच्या बाबतीत मात्र सगळंच उलटं. झेनिया म्हणजे दिवसभर इवल्या मुठी उघडत-मिटत बसणारं प्रवाळ. तिच्या भावकीतल्या एका जातीवर तांबड्या समुद्रात अभ्यास करून इस्रायली संशोधकांनी २०१३ मध्ये या कसरतीचं कारण मांडलं. मुठींच्या हालचालीने अंगाशी साचलेला प्राणवायू झटकला जातो आणि आत राहणाऱ्या शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण जोरात चालतं. रात्रंदिवस हा उद्योग, फक्त दुपारी थोडी विश्रांती. हे वाचल्यापासून प्रवाळरावांनी स्वतःच्या वामकुक्षीला शास्त्रीय आधार जोडला आहे.

पहिल्या वर्षी झेनियाच्या एका फांदीसाठी ते वसईपर्यंत गेले होते. आता ती दगडावरून मागच्या काचेवर आणि काचेवरून पंपावर चढली आहे. तिला कापावंही लागत नाही, आपणच पसरते. साहजिकच अटी ढिल्या होतात. तीन आठवड्यांची टाकी? चालेल. नळाचं पाणी? काढू काहीतरी मार्ग. एकदा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मुलालाही विचारून झालं. आणि मग कधीतरी, काही कारण न देता, अख्खी झेनिया दोन दिवसांत विरघळून जाते. तेव्हा जिच्यापासून सुटका हवी होती तिच्याचसाठी, जिथे जिथे ती बळेच खपवली त्या सगळ्या दारांवर प्रवाळराव रिकामी पिशवी घेऊन फिरतात. जाणकार वाटत सुटतात ते यासाठीच. आपली टाकी बसली तरी वाण कुठेतरी शिल्लक राहतं.

गेल्या मार्गशीर्षात मुलासाठी मुलगी बघायला कल्याणला जाणं झालं. पोहे आले, मुलगी आली, पगार-पत्रिका सगळं वहिनींनी बोलून घेतलं. प्रवाळराव तासभर गप्प. शेवटी मुलीचे वडील म्हणाले, “तुम्हाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा.”

प्रवाळरावांनी बशी खाली ठेवली. “पाणी पालिकेचं की बोअरचं?”

मुलीच्या वडिलांना भरून आलं. इतक्या आपुलकीने कोण विचारतं! “दोन्ही,” ते म्हणाले.

“बोअरचा टीडीएस किती?”

लग्नाचं पुढे काय झालं ते वहिनी सांगतील. मुलीच्या धाकट्या भावाने मात्र पुढच्याच रविवारी येऊन झेनिया नेली, दोन पिशव्या.