एक्सेलकाका

घरात वस्तू येण्याआधी तिचा तक्ता घरात आणणारा बाप हल्ली प्रत्येक मोठ्या सोसायटीत एखादा तरी सापडतो. बाणेरला सापडतो, घोडबंदर रोडला सापडतो, न्यू जर्सीतल्या एडिसनलाही सापडतो. वय चाळिशीच्या अल्याडपल्याड, नोकरी आयटीतली नाहीतर बँकेतली, पगार बरा, आणि दुकानदारासमोर खिशात हात घालताना चेहऱ्यावर अजून वडिलांच्या काळातली धास्ती. सोसायटीतली पोरं त्याला एक्सेलकाका म्हणतात. ही थट्टा आहे हे त्याला कळतं, पण ती आपल्या अभ्यासाची पावती आहे असं तो धरून चालतो.

मिक्सर घ्यायचा होता तेव्हा त्याने वॉट, जार, वॉरंटी आणि ‘ओल्या खोबऱ्याची चटणी’ असे रकाने पाडले होते. पाणी शुद्ध करायचं यंत्र घेताना टीडीएस मोजायचं पेन घेऊन तो सगळ्या विंगांच्या गच्च्यांवर चढला. यंत्र येईपर्यंत बायको पाणी उकळून गाळत होती, आणि ते ‘येईपर्यंत’ बरंच लांबलं.

चिरंजीवांनी येत्या दहाव्या वाढदिवसासाठी व्हीआर हेडसेट मागितला आणि या माणसाच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा प्रकल्प सुरू झाला.

मुलाची मागणी साधी होती. बी विंगमधल्या मित्राकडे आहे, म्हणून आपल्याकडे हवा. डोक्याला लावला की आपण गोरिला होतो, पाय नसतातच, हातांनी जमीन ढकलत झाडांवर उड्या मारायच्या. ‘गोरिला टॅग’ नावाचा हा खेळ २०२१ साली आला आणि देशोदेशींची पोरं आपापल्या घरातल्या भिंतींना गुद्दे मारू लागली. हे सांगताना मुलाने हात फिरवून दाखवले, त्यात टीपॉयवरचा चहाचा कप आडवा झाला. एक्सेलकाकाने कप उचलला नाही. लॅपटॉप उघडून पहिली नोंद केली: ‘जागा’.

कुठल्याही खरेदीची सुरुवात तो इतिहासापासून करतो. दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रं दाखवली की मेंदू त्यांना खोली देतो, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ सालीच दाखवून दिलं होतं. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात असलं यंत्र पाहून व्हिक्टोरिया राणी खूश झाली. १९६८मध्ये आयव्हन सदरलंडने संगणकाला जोडलेलं, डोक्यावर चढवायचं यंत्र केलं, ते इतकं अवजड की छताला टांगावं लागलं. (या ओळीसमोर त्याची टीप: ‘आपल्या छताला पंखा आहे’.) १९९५ साली निन्टेन्डोने ‘व्हर्च्युअल बॉय’ काढला. त्यात लाल रंगाखेरीज काही दिसत नसे, आणि वर्षभरातच तो गुंडाळला गेला. ही ओळ त्याने पिवळी करून ठेवली आहे. घाईने खरेदी करणाऱ्यांचं काय होतं, हे दाखवायला असं उदाहरण त्याला हवंच असतं. २०१४ साली फेसबुकने ऑक्युलस ही कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरना घेतली, हे वाचल्यावर तो थोडा अस्वस्थ झाला. एवढ्या रकमेचा निर्णय या लोकांनी कुठल्या तक्त्यावर घेतला असेल?

चौकशीची ही सवय घराण्यातलीच. १९९८ साली ‘छोटा चेतन’ लागला, थिएटरात चष्मे वाटले जायचे आणि पडद्यातून अंगावर येणाऱ्या वस्तू धरायला पोरं हात पुढे करायची, तेव्हा एक्सेलकाका स्वतः शाळकरी होता. त्या चष्म्याने डोळे बिघडतात का, याची चौकशी वडिलांनी कचेरीतल्या प्रत्येक माणसाकडे केली. निष्कर्ष निघाला तेव्हा सिनेमा उतरायला आला होता.

बायकोने मध्येच एक सोपा मार्ग सुचवला. २०२३च्या आयपीएलच्या वेळी जिओने १,२९९ रुपयांचा हेडसेट काढला होता, त्यात आपलाच फोन सरकवायचा. “असलाच एखादा घे की. हौस फिटेल.” त्यावर त्याने तिला समजावलं, की फोनच्या हेडसेटला मान वळवलेली कळते, पण पाऊल पुढे टाकलेलं कळत नाही. तिने विचारलं, “मग तुला कसं कळतं?” हा प्रश्न तक्त्यात गेला नाही.

खरी मजा वयाच्या रकान्यात झाली. ॲपलच्या व्हिजन प्रोला १३ वर्षं पूर्ण हवीत. सोनीच्या हेडसेटला १२. मेटाच्या क्वेस्टला पूर्वी १३ लागायची, २०२३ साली कंपनीने आई-बापांच्या देखरेखीतलं खातं काढून ती १० वर आणली. म्हणजे मुलाचे डोळे कंपनीगणिक वेगवेगळ्या वर्षी तयार होतात! एक्सेलकाकाने या आकड्यांमागचं वैद्यकीय कारण शोधायला घेतलं आणि पोहोचला तो थेट अमेरिकन कायद्याच्या पुस्तकात. तिथे १९९८ साली झालेला एक कायदा आहे. १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती आई-बापांच्या संमतीवाचून ऑनलाइन गोळा करायला तो बंदी करतो. तेराचा आकडा इंटरनेटच्या दुनियेत जिथे तिथे भेटतो तो बराचसा त्यामुळे, डोळ्यांच्या डॉक्टरांपेक्षा वकिलांमुळे. आपल्याकडच्या अशाच २०२३च्या कायद्यात तर १८ वर्षांपर्यंत मूलच. हे वाचून त्याने ‘वय’ या रकान्याचे दोन भाग केले, ‘डोळ्यांचं’ आणि ‘कोर्टाचं’.

मग डोळ्यांमधलं अंतर आलं. दोन बाहुल्यांमध्ये मोठ्या माणसाच्या सरासरी ६३ मिलिमीटर असतात, मुलांच्या त्याहून कमी. हेडसेटच्या भिंगांचं अंतर त्याच्याशी जुळलं नाही, तर चित्र धूसर दिसतं आणि डोकं धरतं. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे नेऊन त्याने मुलाचं अंतर मोजून आणलं: ५४. आता, स्वस्तातल्या क्वेस्ट ३एसमध्ये भिंगांना ५८, ६३ आणि ६८ असे तीनच थांबे आहेत. महागड्या क्वेस्ट ३चं चाक फिरवता येतं आणि तो ५३ ते ७५वाल्यांना चालतो, असं कंपनी सांगते. बाजारात आले तेव्हा पहिला २९९ डॉलरना होता, दुसरा ४९९ना. “चार मिलिमीटरचे २०० डॉलर,” तो रात्री जेवताना म्हणाला. आजी म्हणाल्या, “वाढेल की तो.” नऊ वर्षांच्या मुलाबद्दलचा याहून अचूक अंदाज त्या महिन्यात घरात कुणी केला नव्हता.

क्वेस्ट ३चं वजन ५१५ ग्रॅम. अर्धा किलो डोक्यावर, तोही पुढच्या बाजूला! मानेचं काय? त्याने अर्धा किलो साखरेची पिशवी आजोबांच्या कमरेच्या पट्ट्याने मुलाच्या कपाळावर बांधली आणि त्याला हॉलमध्ये फिरायला लावलं. मुलगा फिरला. मान दुखते का, चक्कर येते का, असं दर थोड्या वेळाने विचारून नोंद होत होती. तेवढ्यात इस्त्रीवाला दारात आला, त्याने हे पाहिलं आणि कपडे ठेवून पैसे न घेताच गेला.

साखरेने न सांगितलेल्या गोष्टी मॉलमध्ये कळल्या. तिथे खुर्चीत बसवून, हेडसेट लावून रोलर कोस्टरची सैर घडवतात. डोळे सांगतात आपण दरीत कोसळतोय, आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की स्वस्थ बसलोय. या भांडणात पोट मध्ये पडतं. आंबेनळी घाटात मोबाइल बघणाऱ्याला गाडी लागते तो याचाच उलटा प्रकार, तिथे कानाला वळणं कळतात आणि डोळ्यांसमोरचा पडदा जागचा हलत नाही. बाप-लेक शेजारी शेजारी बसले. मुलगा उतरला तो “परत!” म्हणत. एक्सेलकाका उतरला आणि लिंबू सोडा हातात घेऊन बाकावर डोळे मिटून बसला. रात्री तक्त्यात नोंद झाली: ‘चाचणीत ५० टक्के व्यक्तींना त्रास.’

संशोधनाकडे त्याने पाठ फिरवली असं कुणी म्हणू नये. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ८ ते १२ वयाच्या २० मुलांना २० मिनिटं व्हीआर खेळ खेळायला दिला होता. दृष्टीवर गंभीर परिणाम दिसला नाही, पण खेळून झाल्यावर मोजक्या मुलांमध्ये खोली जोखायची क्षमता किंवा तोल तेवढ्यापुरता बिघडलेला आढळला. एक्सेलकाकाचं मत पडलं की नमुना फारच लहान आहे. आमच्या सोसायटीच्या गणपतीत नाटकाला याहून जास्त मुलं असतात.

हे सगळं छापून घेऊन तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. जवळची वस्तू पाहताना डोळे आत वळतात, पण हेडसेटमध्ये भिंगाची नजर एका ठरावीक अंतरावरच खिळलेली असते, आणि त्यामुळे डोळ्यांवर ताण येतो, हे त्याने डॉक्टरांना आकृती काढून समजावलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “घरात चष्मा कुणाकुणाला?” दोघांनाही. “आणि हा दिवसाउजेडी बाहेर किती वेळ खेळतो?”

एक्सेलकाका तक्ता चाळू लागला. बॅटरी सुमारे दोन तास चालते, हे होतं. मूल उन्हात किती चालतं, हे नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तैवानने २०१० सालापासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं घराबाहेर काढायचा कार्यक्रम घेतला, आणि मुलांमधलं लघुदृष्टीचं चढतं प्रमाण खाली वळलं. हेडसेट घ्या किंवा घेऊ नका, तेवढं पाहा. परतताना रिक्षात तो गप्प होता. नवा रकाना कुठे घालायचा, याचा विचार चालू होता.

‘जागा’ या मूळ नोंदीचाही निकाल लागायचा होता. उभं राहून खेळायचं तर साधारण दोन मीटर गुणिले दोन मीटर मोकळं हवं, म्हणजे प्रत्येक बाजू साडेसहा फुटांची. त्याने हॉलमध्ये खडूने चौकोन आखला. त्यात दिवाणाचा एक पाय, शू-रॅक, आजोबांची आरामखुर्ची आणि टीव्हीचा कोपरा आला. आजींना वाटलं, लंगडीचा डाव मांडलाय. त्यांनी नातवाला खरोखरच लंगडी शिकवली आणि दोन संध्याकाळी तो चौकोन त्या कामी आला.

बायकोने या सगळ्या काळात एकच प्रश्न धरून ठेवला होता. त्या गोरिलांच्या जंगलात आपल्या मुलाशी बोलतं कोण? कारण तिथले बाकीचे गोरिलेही कुठली तरी माणसंच असतात, माइक चालू असतो, आणि समोरचा दहा वर्षांचा आहे की चाळीसचा, हे आवाजावरून ओळखावं लागतं. बी विंगमध्ये जाऊन तिने स्वतः थोडा वेळ तो खेळ ऐकला होता. तक्त्यात या प्रश्नासमोर ‘तपासायचे आहे’ असं लिहिलेलं होतं, आणि तेही कापडी पट्टा की सिलिकॉनचा, या नोंदीच्या खाली. प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या तक्त्यात पहिल्या ओळीत बसायच्या लायकीची गोष्ट ही होती. तिने आपला निर्णय भाजी निवडता निवडता सांगून टाकला: आणायचा असेल तर हॉलमध्येच खेळायचं, त्याला दिसतं ते टीव्हीवर आम्हाला दिसलं पाहिजे, अनोळखी माणसांचा आवाज बंद, आणि अर्धा तास झाला की खाली मैदानात. एक्सेलकाकाने हे अशास्त्रीय ठरवलं. अर्धा तासच का? त्याला आधार काय?

मधल्या काळात एडिसनचा मामा पुण्याला यायला निघाला. सामानात जागा आहे, तिकडून घेऊन येऊ का, असं त्याने विचारलं. एक्सेलकाकाने ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणून सांगितलं, आणि मग कस्टमचे नियम, परदेशी वस्तूची इथली वॉरंटी, चार्जरची पिन असे तीन नवे रकाने उघडले. मामा आला, बदाम आणि चॉकलेटं देऊन गेला. विमान सुटल्यावर रकाने पूर्ण झाले.

आणि तरीही त्याला आळशी किंवा चिक्कू म्हणणं अन्यायाचं होईल. त्याने तो तक्ता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि लोकांनी तो आनंदाने वापरला. सी विंगमध्ये एक हेडसेट आला, ए विंगमध्ये दोन. कुणाला पट्टा विचारायचा असला, कुणाला भिंग कशाने पुसायचं हे हवं असलं, की फोन एक्सेलकाकालाच. तो रात्री अकरालाही उत्तर देतो, सविस्तर देतो, आणि मोबदला म्हणून कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नाही. चिरंजीवांनी वडिलांच्या या लोकसेवेचा फायदा बरोबर हेरला. सोमवारी ए विंग, बुधवारी सी विंग, शनिवारी बी विंग असं त्याचं वेळापत्रक लागलं. ते त्याने वहीच्या मागच्या पानावर रकाने पाडून लिहिलं आहे.

मुलगा दहा वर्षांचा झाला तेव्हा बी विंगमधला तो पहिला हेडसेट माळ्यावर गेला होता. मित्राचं मन आता क्रिकेटच्या कोचिंगमध्ये रमलं होतं. मित्राचे वडील स्वतःच घरी आले, खोक्यासकट. “अर्ध्या किमतीत घ्या. तुमच्याच तक्त्यावरून सांभाळला होता, तुमच्याचकडे राहू दे.”

मुलाने खोकं छातीशी धरलं. बायकोने टीपॉय भिंतीला सरकवायला घेतला. एक्सेलकाकाने हेडसेट हातात घेऊन मोबाइलची बॅटरी भिंगांवर मारली. भिंगातून ऊन आत शिरलं तर आतला पडदा जळतो, म्हणून हा गॅलरीत कधी ठेवला होता का, असं त्याने विचारलं. नाही, म्हणाले. किती वेळा चार्ज केला? आठवत नाही. पट्टा कधी धुतला होता का? ते बायकोला विचारावं लागेल. मूळ बिल?

“बिल घरी असेल. बघतो.”

“काही घाई नाही,” एक्सेलकाका म्हणाला, आणि लॅपटॉप उघडून त्याने खाली नवीन पान जोडलं: ‘जुना’.