हरत्या संघाचा पीएचडीवाला

अमेरिकेत पीएचडी करणारा मराठी मुलगा आपल्याला दोन रूपांत माहीत असतो. एक विवाह मंडळाच्या फॉर्मवरचं, दुसरं गणपतीत व्हिडिओ कॉलवर आरतीला टाळ्या वाजवणारं. तिसरं रूप तो घरी फारसं दाखवत नाही. ते इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफाएट गावी, पर्ड्यू विद्यापीठाच्या रॉस-एड स्टेडियममध्ये, सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या शनिवारी गार बाकावर बसलेलं आढळतं. अंगात सेलमध्ये घेतलेली काळी हुडी, तिच्यावर सोनेरी ‘पी’, हुडीच्या आत थर्मल आणि थर्मलच्या आत आईने बळेच बॅगेत कोंबलेला लोकरी बनियन. आत पारदर्शक पिशवीच चालते, म्हणून भडंगाची पुडी हुडीच्या पोटावरच्या खिशात. ती सोडायची वेळही ठरलेली: पाहुण्या संघाचा तिसरा टचडाउन झाला की. पुडी घरी परत गेल्याची उदाहरणं अलीकडच्या हंगामांत फारशी नाहीत. या स्टेडियमच्या नावातला एड म्हणजे जॉर्ज एड, पर्ड्यूचाच पदवीधर आणि आपल्या काळातला गाजलेला विनोदी लेखक. १९२४ साली हे मैदान उभं राहिलं तेव्हा पुढे इथे काय काय होणार आहे याचा त्याला अंदाज असावा, अशी शंका येते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये काम म्हटलं तर साधं: चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. चंद्रावर उतरलेला पहिला माणूस नील आर्मस्ट्राँग आणि तिथून निघालेला आजवरचा शेवटचा माणूस यूजीन सर्नन, दोघंही याच विद्यापीठाचे. पण दहा यार्डांचं गणित अवघडच. २०१३ च्या ऑगस्टमध्ये जो पर्ड्यूत दाखल झाला, त्याच्या पहिल्या चार हंगामांत संघ ४८ सामने खेळला आणि ९ जिंकला. २०२४ मध्ये सुरुवात झोकात झाली, इंडियाना स्टेटला ४९-० असं लोळवलं. त्यानंतर ओळीने अकरा पराभव. त्यातला पहिला ऐन गणेशोत्सवातल्या शनिवारी, घरच्या मैदानावर, नोटर डेमकडून ६६-७. शेवटचा राज्यातल्याच इंडियाना विद्यापीठाकडून ६६-०. या दोघांच्या सामन्याचं बक्षीस म्हणजे ओक लाकडाची जुनी बादली. चषक वगैरे नव्हे, खरीखुरी बादली. १९२५ पासून तिच्यासाठी झुंज चालू आहे. आधीच्या वर्षी ती पर्ड्यूने राखली होती. त्या दिवशी तीही गेली.

असा संघ आणि असा माणूस एकत्र पाहिले की लोक त्याला वेडा म्हणतात, किंवा भाबडा. माझ्या मते तो अत्यंत हिशेबी आहे. त्याला निकाल हवा असतो, आणि आठवड्याच्या उरलेल्या सहा दिवसांत त्याला तो कुठेच मिळत नाही. तीन दिवस चाललेला प्रोग्रॅम चौथ्या दिवशी पहाटे मान टाकतो. तो का बंद पडला हे कळायला आणखी आठवडा जातो. मार्चमध्ये पाठवलेल्या पेपरवर सप्टेंबरात उत्तर येतं की मोठे बदल करून पुन्हा पाठवा. गाइड आलेख बघून ‘इंटरेस्टिंग’ म्हणतात, आणि तो होकार होता की शोकसंदेश, यावर लॅबमध्ये महिनाभर चर्चा चालते. संशोधनातल्या अपयशाला तारीख नसते, आकडा नसतो आणि प्रेक्षकही नसतात. रॉस-एडवर सगळं रोखठोक. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, फलकावर गुण, आणि बाराला सुरू झालेला सामना चारच्या आत आटोपलेला. आपण हरलो हे लख्ख कळतं, किती वाजता हरलो हेही सांगता येतं, आणि सोबतीला हजारो माणसं त्याच क्षणी डोक्याला हात लावून बसलेली असतात. हा दिलासा विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातही मिळायचा नाही. रविवारी फोनवर आई विचारते, “तुमचं ते एकदाचं संपणार कधी?” ती हंगामाबद्दल विचारतेय की पीएचडीबद्दल, हे तो मुद्दाम विचारत नाही. हंगामाची तारीख तरी सांगता येते.

याचा पुरावा हवा असेल तर १२ ऑक्टोबर २०२४ चा इलिनॉयविरुद्धचा सामना घ्या. जादा वेळेत गुण ५०-४९. साधी किक मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी होऊन खेळ पुढे चालला असता; पर्ड्यूने तिथेच जिंकण्यासाठी दोन गुणांचा डाव टाकला आणि तो फसला. पदवीच्या पोरांनी असल्या वेळी प्रशिक्षकाचा उद्धार करावा, हे ओघानेच आलं. पीएचडीवाला गप्प राहतो, कारण तिघांपैकी दोन परीक्षकांना पटलेला पेपर तिसऱ्याने कसा पाडला, हे त्याने सोसलेलं असतं. पदवीची पोरं मध्यंतरालाच उठून पार्टीला जातात. त्यांचा मुक्काम चार वर्षांचा, त्यांना घाई असते. हा पाच-सहा वर्षं राहतो आणि प्रशिक्षकांच्या पिढ्या बघतो. डॅरेल हेझेल यांना ४२ सामन्यांत ९ विजयांवर २०१६ चा हंगाम अर्धा असतानाच नारळ मिळाला. रायन वॉल्टर्स यांना दोन हंगामांत. ही तत्परता तो किंचित असूयेने पाहत असतो, कारण टेन्युअर मिळालेल्या गाइडला नारळ द्यायची सोय विद्यापीठाने ठेवलेली नाही.

यावर कोणी म्हणेल की हा सगळा अमेरिकन व्हायचा सोस आहे. हुडी घालायची, ‘बॉयलर अप’ ओरडायचं आणि फोटो टाकायचे. मिरवायचंच असतं तर पलीकडे मॅकी अरीना होतं की. तिथला पर्ड्यूचा बास्केटबॉल संघ एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत खेळला, त्याची तिकिटं मिळता मिळत नाहीत, आणि तो जिंकतो. (अर्थात त्याच्या आदल्या वर्षी अव्वल मानांकन घेऊन तो सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरला होता. घराण्याचे संस्कार कुठे जातात?) पीएचडीवाला तिथेही जातो, टाळ्याही वाजवतो, पण परक्याच्या लग्नात जेवून आल्यासारखा परततो. दुसरा आक्षेप वेळेचा: शनिवारचे चार तास लॅबमध्ये घातले तर प्रबंध लवकर होईल. शनिवारी दुपारी लॅबमध्ये बसून प्रत्यक्षात किती काम होतं, हे कुठल्याही पीएचडीवाल्याला गाइड जवळपास नसताना विचारावं.

वजनदार आक्षेप एकच आहे. हा माणूस पराभवासाठी जात नाही, चमत्काराच्या आशेने जातो, असं म्हणता येईल. चमत्कार घडलेलेही आहेत. २० ऑक्टोबर २०१८ रोजी देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या ओहायो स्टेटला पर्ड्यूने इथेच ४९-२० असं हरवलं. २०२१ मध्ये आधी दुसऱ्या क्रमांकाच्या आयोवाला आणि पुढे तिसऱ्या क्रमांकाच्या मिशिगन स्टेटला. बड्यांच्या ताटात माती कालवणारा संघ म्हणून त्याची ख्यातीच आहे. हे सगळं मान्य. पण २०१३ ला आलेल्या आपल्या गड्याचा हिशेब पाहा. त्याने ९ विजयांची चार वर्षं बाकावर काढली, पाच वर्षांत पीएचडी संपवली, मे २०१८ मध्ये गाउन घालून फोटो काढला आणि नोकरीसाठी कॅलिफोर्निया गाठलं. ओहायो स्टेटचा फज्जा त्याने पाच महिन्यांनी, भाड्याच्या घरातल्या सोफ्यावर बसून पाहिला. आशेवरच जगणारा असता तर तो २०१५ मध्येच थकला असता; तिसऱ्या हंगामात जे दोन विजय मिळाले, त्यांवर कोणाची आशा तगत नाही. त्याला टिकवलं ते शनिवारी चारच्या ठोक्याला हाती येणाऱ्या निकालाने. चमत्कार झाला तर तो बोनस, आणि पीएचडीच्या विद्यावेतनावर जगणारा माणूस बोनस गृहीत धरत नाही.

बॅरी ओडम नवे प्रशिक्षक म्हणून आले आणि २०२५ चा हंगाम २ विजय, १० पराभव असा संपला. आपल्या गटातले, म्हणजे बिग टेनमधले, नऊच्या नऊ सामने सलग दुसऱ्या वर्षी गेले. पण १ चे २ झाले, आणि पीएचडीवाल्याला आकडे मांडायचं शिक्षण मिळालेलं असतं. विजयांत शंभर टक्के वाढ, असं तो ग्रुपवर टाकतो. बिग टेनचा तपशील तो, रीतीप्रमाणे, परिशिष्टात घालतो.